परदेशीं कायमचा निवास : विद्येची वाट आणि कसबाची वाट

खानदेशांतून पोटापाण्यासाठीं बाहेर पडणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. तापी-गिरणेच्या कांठचीं माणसें सुरतेला गेलीं, मुंबईच्या गिरण्यांत गेलीं, नाशिक-पुण्याच्या कारखान्यांत गेलीं. पण त्या जाण्याला परतीचें तिकीट होतें. सणावाराला, लग्नकार्याला माणूस घरीं येई. आतां जळगांव-धुळ्याच्या सुशिक्षित घरांतून जो प्रश्न निघतो तो निराळा आहे. मुलगा अभियंता झालेला असतो, तीन-चार वर्षें नोकरीहि झालेली असते, आणि एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो म्हणतो, “कॅनडांत पुढें शिकायला जातों, मग तेथेंच कायम होतां येईल.” वडील मनांतल्या मनांत घरावर किती कर्ज मिळेल याचा हिशेब करूं लागतात. तेवढ्यांत ओळखीचा कोणी तरी परदेशांत एक दिवसहि न शिकतां, केवळ नोकरीच्या अनुभवावर कायमचा परवाना घेऊन गेल्याची वार्ता येते. मग घरांत वाद सुरू होतो : शिकायला जावें, कीं हातच्या कसबावर जावें?

या वादांत बहुधा प्रतिष्ठेच्या गोष्टी बोलल्या जातात. परदेशी पदवीचा मान मोठा, असें एक म्हणतो. शिकलेल्यानें पुन्हां कशाला शिकावें, असें दुसरा म्हणतो. वस्तुतः हा प्रश्न मानाचा नसून हिशेबाचा आहे. आणि त्या हिशेबांत पैशापेक्षां वयाचा आंकडा अधिक महत्त्वाचा आहे.

कायमच्या निवासाचा परवाना म्हणजे काय, हें प्रथम स्पष्ट असावें. तो नागरिकत्व नव्हे. परवाना मिळाला तरी पासपोर्ट भारताचाच राहतो. ‘कायम’ या शब्दालाहि अट असते. कॅनडाच्या नियमाप्रमाणें दर पांच वर्षांपैकीं निदान ७३० दिवस त्या देशांत काढावे लागतात. पुढें तेथील नागरिकत्व घेतल्यास भारताचें सुटतें, कारण आपल्या कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाहीं. शेतीवाडी असलेल्या घरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परदेशीं स्थायिक झालेल्या अनिवासी भारतीयाला वारसानें आलेली शेतजमीन ठेवतां येते, पण नवी विकत घेतां येत नाहीं.

असा परवाना गुण मोजून देण्याची रीत कॅनडानें १९६७ सालीं सुरू केली. त्यापूर्वीं माणूस कोणत्या देशांत व कोणत्या वंशांत जन्मला याला महत्त्व होतें. त्याच्या जागीं वय, शिक्षण, भाषा व कसब यांना गुण मिळूं लागले. ऑस्ट्रेलियानें गोऱ्यांपुरतें दार उघडें ठेवण्याचें आपलें धोरण १९७३ सालीं सोडलें आणि पुढें तेथेंहि गुणांची रीत आली. टोरोंटो व सिडनी येथें आज मराठी गणेशोत्सव होतात, त्यांच्या मुळाशीं हे बदल आहेत.

आतां दोन वाटा पाहूं. विद्येच्या वाटेनें जाणाऱ्याला प्रथम तेथील विद्यापीठांत प्रवेश मिळतो, मग विद्यार्थ्याचा व्हिसा. शिक्षण संपल्यावर ठराविक काळ काम करण्याची परवानगी मिळते. त्या काळांत नोकरी लागून अनुभव जमला, म्हणजे कायमच्या परवान्यासाठीं अर्ज करतां येतो. कसबाच्या वाटेनें जाणारा घरीं बसूनच अर्ज करतो. आपली पदवी तपासून घेतो, भाषेची परीक्षा देतो, अनुभवाचीं पत्रें जोडतो, आणि निवड झाली तर परवाना हातीं घेऊनच विमानांत बसतो.

दोहोंतील खरा भेद येथें आहे. कसबाच्या वाटेवर उत्तर आधीं मिळतें आणि मोठा खर्च मागून येतो. उत्तर नकाराचें आलें, तर परीक्षेची व तपासणीची फी तेवढी जाते. नोकरी व घर जागच्या जागीं राहतें. विद्येच्या वाटेवर खर्च आधीं होतो आणि उत्तर तीन-चार वर्षांनीं येतें. विद्यार्थ्याचा व्हिसा हा शिकण्याचा परवाना आहे. त्यांत कायम राहूं देण्याचें वचन कोठेंहि लिहिलेलें नसतें. हें वचन घरांतील माणसें आपल्या मनानेंच त्यांत वाचतात.

असें असूनहि शहाणीं माणसें विद्येची वाट कां धरतात, याचें उत्तर कॅनडाच्या गुणांकनांत सांपडतें. २०१५ पासून तेथें ‘एक्सप्रेस एन्ट्री’ नांवाची पद्धत चालू आहे. इच्छुकांचीं नांवें एका यादींत येतात, प्रत्येकाला १,२०० पैकीं गुण मिळतात, आणि वेळोवेळीं वरच्या गुणांच्या माणसांना बोलावणें जातें. २०२५ च्या नियमांवर एक उदाहरण घेऊं. समजा, जळगांवचा एक अविवाहित अभियंता आहे. वय २८, चार वर्षांची पदवी, तीन वर्षांहून अधिक नोकरी, आणि आयेल्ट्स परीक्षेंत ऐकण्याला ८ व बाकी तिहींत ७. वयाचे ११०, पदवीचे १२०, इंग्रजीचे १२४, आणि पदवी व अनुभव यांना चांगल्या भाषेची जोड असल्याबद्दल ७५, एकूण ४२९. हे गुण वाईट नाहींत. पण २०२५ सालीं कॅनडांतील अनुभव असलेल्यांच्या ज्या निवडी झाल्या, त्यांची सीमा ५०० च्या खालीं आली नाहीं.

हाच तरुण कॅनडांत जाऊन दोन वर्षांची मास्टर पदवी घेतो आणि एक वर्ष कसबाचें काम करतो. आतां तो ३१ वर्षांचा आहे. वयाचे गुण ११० वरून ९९ वर उतरले. पण पदवीचे १३५ झाले, तेथील कामाचे ४०, तेथें शिकल्याचे ३०, आणि जोडगुण पुरे १००. भाषेचे १२४ धरून बेरीज ५२८ होते. विद्येच्या वाटेनें त्याला ९९ गुण मिळवून दिले आणि तो सीमेच्या आसपास पोहोंचला.

पण समजा, असाच एक गृहस्थ धुळ्यास आहे आणि त्याचें वय ३४ आहे. आज त्याचे गुण ४०२. तोहि शिकायला गेला, दोन वर्षें शिकला, एक वर्ष नोकरी केली. तेव्हां तो ३७ वर्षांचा झाला आणि वयाचे गुण ६६ वर आले. त्याची बेरीज ४९५ होते. पदवी तीच, खर्च तोच, कष्ट तेच. एकाला दाराच्या आंत घेतलें, दुसरा उंबऱ्यावर राहिला. वयाचे गुण तिसाव्या वर्षापासून दरसाल पांच-सहांनीं उतरतात, चाळिशीनंतर अधिक वेगानें, आणि पंचेचाळिसाव्या वर्षीं शून्य होतात. म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षीं योग्य असलेला सल्ला चौतिसाव्या वर्षीं घातक ठरूं शकतो. शेजाऱ्याच्या मुलाला जमलें म्हणून आपल्याला जमेल, हें अनुमान या एका कारणानें फसतें.

मग चौतिशीच्या माणसाला वाटच नाहीं काय? आहे, पण ती विद्यापीठांतून जात नाहीं. कॅनडा २०२३ पासून कांहीं विशिष्ट गटांसाठीं निराळ्या निवडी करतो. त्यांत आरोग्यसेवा, सुतारकाम-वीजकाम यांसारखे हातचे धंदे, आणि फ्रेंच जाणणारे असे गट आहेत. फ्रेंच जाणणाऱ्यांच्या २०२५ मधील कित्येक निवडींची सीमा ४५० च्या खालीं होती. शिवाय इंग्रजीबरोबर फ्रेंच चांगली आली तर ५० गुण जादा मिळतात. दोन वर्षें नोकरी सांभाळून घरीं फ्रेंच शिकणें आणि दोन वर्षें नोकरी सोडून परदेशीं पदवी घेणें, यांच्या खर्चांत फार मोठें अंतर आहे.

खर्चाची बाजूहि उघड्या डोळ्यांनीं पाहिली पाहिजे. कॅनडाला जाणाऱ्या एकट्या विद्यार्थ्यानें फी व प्रवास सोडून केवळ एका वर्षाच्या उदरनिर्वाहासाठीं जी रक्कम दाखवावयाची, ती पूर्वीं १०,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. जानेवारी २०२४ मध्यें विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर प्रथमच मर्यादा आली. त्याच वर्षीं १ नोव्हेंबरपासून महाविद्यालयांतील पदवीखालच्या अनेक अभ्यासक्रमांनंतर मिळणारी कामाची परवानगी ठराविक विषयांपुरतीच राहिली. जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या पति वा पत्नीला कामाची परवानगी मिळणेंहि अवघड झालें. साधारणतः सोळा महिन्यांचा वा त्याहून मोठा मास्टर अभ्यासक्रम, डॉक्टरेट किंवा कांहीं व्यावसायिक पदव्या घेणाऱ्यांच्या जोडीदारांनाच ती मिळूं लागली. मार्च २०२५ मध्यें नोकरीच्या लेखी देकाराबद्दल मिळणारे गुण काढून टाकण्यांत आले. २०२३ सालीं जो विद्यार्थी एका नियमावलीवर विश्वासून निघाला, त्याचें शिक्षण संपेपर्यंत नियमावली दुसरीच झाली. यांत कोणी कोणाला फसविलें असें नव्हे. प्रत्येक देश आपल्या सोयीनें दार उघडतो व लोटतो. पण ज्या वाटेवर निघणें आणि पोहोंचणें यांत चार वर्षांचें अंतर आहे, त्या वाटेवर हा धोका वाटसरूच्या माथीं असतो.

आणि हा धोका एकट्या विद्यार्थ्याचा नसतो. बँकांच्या प्रचलित शैक्षणिक कर्जयोजनेंत साडेसात लाख रुपयांच्या वरच्या कर्जाला सामान्यतः स्थावराचें वा तत्सम तारण लागतें. थकलेलें कर्ज वसूल करण्याच्या २००२ च्या कायद्यांतून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळें बँका शेतापेक्षां गांवांतलें घर किंवा बिनशेती भूखंड पसंत करतात. म्हणजे खानदेशांतल्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांत, वडिलांनीं निवृत्तीच्या पैशांतून बांधलेलें घरच बहुधा गहाण पडतें. मुलाला तेथें नोकरी लागली तर हप्ते सुरळीत जातात. न लागली तर पेन्शनीतून जातात. म्हणून परवान्याचा हिशेब मांडतांना ‘परवाना मिळाला नाहीं तर काय?’ ही ओळ पहिल्यांदा लिहावी. केवळ त्या पदवीच्या बळावर भारतांत परत येऊन कर्ज फेडतां येईल काय? याचें उत्तर होय असेल, तर विद्येची वाट धरण्यास हरकत नाहीं. मग कायमचा निवास हा वरचा लाभ ठरतो. उत्तर नाहीं असें असेल, तर तें शिक्षण नव्हे. तो घर लावून खेळलेला डाव आहे.

ऑस्ट्रेलियाची तऱ्हा थोडी वेगळी, पण तत्त्व तेंच. कसबाच्या व्हिसासाठीं वय ४५ च्या आंत आणि गुण निदान ६५ लागतात. पण ६५ म्हणजे अर्ज करण्याची पात्रता, निवड नव्हे. अनेक धंद्यांत बोलावणें त्याहून बऱ्याच वरच्या गुणांना येतें. वयाचे सर्वांत जास्त गुण २५ ते ३२ या वर्षांत मिळतात. उलट तेथें शिकल्याबद्दल मिळणारे गुण केवळ ५ आहेत. शिक्षणानंतर काम करण्याच्या व्हिसाची वयोमर्यादा १ जुलै २०२४ पासून बहुतेकांसाठीं ३५ वर आली आणि विद्यार्थी-व्हिसाची फी १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. नकार आला तर ती परत मिळत नाहीं. ज्याच्याजवळ पांच-सात वर्षांचा कागदोपत्रीं अनुभव आहे, त्यानें येथें आधीं कसबाचाच अर्ज पहावा.

जर्मनीनें मात्र हा हिशेब उलटा केला आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकविण्याची फी नाहीं. विद्यार्थ्यानें वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यांत ठेवावयाचे, एवढेंच. तेथें पैशाच्या जागीं भाषा मागतात. जर्मन विद्यापीठाच्या पदवीधराला नोकरी शोधण्यास १८ महिने मिळतात, आणि कसबाची नोकरी दोन वर्षें झाली म्हणजे कायमच्या निवासासाठीं अर्ज करतां येतो. भारतांतूनच पदवी व नोकरीचा करार घेऊन ‘ब्ल्यू कार्ड’ वर गेलेल्याला हीच मुदत २७ महिन्यांची आहे. जर्मन भाषेची मधली पायरी गांठली तर २१ महिन्यांची. म्हणजे तेथें नोकरी मिळविण्याइतकें कसब आधींच असेल, तर पुन्हां विद्यार्थी होण्यानें वेळ वांचत नाहीं.

या बाबतींत महाराष्ट्राचा एक ताजा अनुभव आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशीं करार करून परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर, वाहनचालक अशा दहा हजार कुशल माणसांना प्रथम पाठविण्याची योजना जाहीर केली. स्टुटगार्ट ही राजधानी असलेल्या या राज्यानें २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो फी लावलेली आहे. तोच प्रदेश विद्यार्थ्याकडून फी घेतो आणि कारागिराला बोलावणें पाठवितो, यावरून वारा कोणीकडे आहे तें दिसतें. परंतु करार झाला म्हणून भाषा येत नाहीं. परिचारिकेला आपली पदविका तेथें मान्य करून घ्यावी लागते आणि त्यासाठीं सामान्यतः जर्मनची बी-दोन ही पायरी चढावी लागते. शून्यापासून तेथवर जाण्यास एकाग्रतेनें वर्ष-दीड वर्ष सहज लागतें. आय.टी.आय. झालेल्या तरुणानें तेथील जोड उमेदवारीचाहि विचार करावा. तिच्यांत कांहीं दिवस कारखान्यांत काम व कांहीं दिवस शाळा असते, आणि शिकतांना फी देण्याऐवजीं विद्यावेतन मिळतें. विद्या आणि कसब या दोन वाटा जेथें एक होतात, असें हें ठिकाण आहे.

आतां कसबाच्या वाटेवरील खरा खड्डा. जळगांवच्या औद्योगिक वसाहतींत चटई, पाईप, डाळ यांचे कारखाने आहेत. तेथें उत्तम काम जाणणारीं माणसें आहेत. पण परदेशचा अधिकारी माणसाचे हात पाहत नाहीं, कागद पाहतो. हुद्दा काय, कामें कोणतीं, आठवड्याला तास किती, पगार किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हें सर्व मालकाच्या सहीशिक्क्यानिशीं पत्रांत असावें लागतें; पगार बँकेंत जमा झालेला आणि भविष्यनिर्वाह निधि कापलेला असला म्हणजे त्या पत्राला आधार मिळतो. रोखीनें पगार घेऊन पांच वर्षें काढलेल्या माणसाचा अनुभव खरा असतो, पण त्याला साक्षीदार नसतो. म्हणून ज्याला पांच वर्षांनीं जावयाचें आहे, त्यानें कागदांची तजवीज आजपासून करावी. विद्यापीठाच्या नांवाचीहि एक बारीक गोष्ट आहे. जळगांवचें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० सालीं स्थापन झालें आणि २०१८ सालीं त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव मिळालें. जुन्या पदवीपत्रावर एक नांव व आजच्या गुणपत्रिकेवर दुसरें, असें झाल्यास दोन्ही नांवें एकाच विद्यापीठाचीं आहेत असा दाखला जोडावा. विवाहानंतर नांव बदललेल्या स्त्रियांनीं पासपोर्ट व पदवी यांतील फरकाचाहि पुरावा आधींच करून ठेवावा.

मध्यस्थांविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणें परदेशीं नोकरीसाठीं माणसें पाठविणाऱ्या दलालाची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते, आणि त्याची फी ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून जास्त असतां कामा नये. विद्यार्थी पाठविणाऱ्या सल्लागारांना हा कायदा लागू नाहीं. त्यांतील पुष्कळांना परदेशी महाविद्यालयाकडून प्रवेशामागें दलाली मिळते. त्यामुळें ‘आधीं कसबाचा अर्ज करून पहा’ हा सल्ला त्यांच्या तोंडून सहसा निघत नाहीं. २०२३ सालीं खोट्या प्रवेशपत्रांवर कॅनडांत गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचें प्रकरण गाजलें. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून पडताळून घेण्याचा नियम झाला. प्रत्येक देशाचें गुणांकन सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहतां येतें. ती बेरीज घरांतल्या घरांत, कागद-पेन्सिल घेऊन, कोणालाहि एक रुपया देण्यापूर्वीं करावी.

एकंदरींत विद्येची वाट म्हणजे पैसे देऊन गुण विकत घेणें, आणि कसबाची वाट म्हणजे साठविलेलीं वर्षें मोजून देणें. ज्याचें वय पंचविशीच्या आसपास आहे, अनुभव थोडा आहे, विषयाची खरी आवड आहे आणि परत यावें लागलें तरी कर्ज फिटेल अशी पदवी मिळते आहे, त्यानें शिकायला जावें. ज्याच्या मागें पांच-सात वर्षांचा अनुभव आहे, पत्नी-मुलें आहेत, त्यानें घर गहाण टाकण्यापूर्वीं कसबाचा अर्ज, दुसरी भाषा आणि दुसरा देश या तिहींची चांचणी घ्यावी. आणि ज्या घरांतून मुलगा जाणार, त्या घरानें जेवणानंतरच्या बैठकींत ‘तो तेथें कायम होईल काय?’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : तो कायम न होतां परत आला, तर या घरांत त्याला ताठ मानेनें शिरतां येईल काय? घर कर्जांत बुडालेलें नसेल आणि मनांत बोल लावण्याची तयारी नसेल, तर मुलानें कोणतीहि वाट धरावी. तिच्यावरून परतण्याची त्याला लाज वाटणार नाहीं.